मोठं काम हाती घेण्याआधी: ब्रह्मदेव, नाथमहाराज आणि माझा सोमवार



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दुसरा स्कंध, नववा अध्याय. सोबत भगवद्गीता, सहावा अध्याय, श्लोक ३३ ते ४५.

आज रविवार आहे आणि नेहमीपेक्षा जरा मोठं लिहितोय. कारणही सांगून टाकतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, लॅपटॉप बंद करणार एवढ्यात, मॅनेजरचा कॉल आला. ऑफिसमधली बिलिंगची एक जुनी सिस्टीम आहे. वीस वर्षांपासून रोज रात्री चालते, आणि ती लिहिणाऱ्यांपैकी आता कोणीही कंपनीत नाही. ती सिस्टीम हळूहळू काढून तिच्या जागी नवीन उभी करायची आहे. काम किमान तीन वर्षांचं. "लीड करशील का? सोमवारी सांग."

तुमच्यापैकी बरेचजण म्हणतील, अरे मग हो म्हण ना, यात विचार कसला?

विचार आहे, कारण आधी एकदा असंच मोठं काम मी घेतलं होतं आणि अर्ध्यात सोडलं होतं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, कंपनी दुसरी होती आणि काम दोन वर्षांचं होतं. पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की दीड वर्षात करून दाखवतो. आठ महिने रोज तेरा-चौदा तास बसलो. जेवण डेस्कवर, झोप चार तास, हरिपाठ बंद, घरी फोन बंद. नवव्या महिन्यात झोपच लागेनाशी झाली. कोड उघडला की हात थरथरायचे. शेवटी एका सकाळी मॅनेजरसमोर बसून सांगितलं, की मला जमणार नाही. माझ्यानंतर ज्याच्याकडे ते काम गेलं, त्याचे पहिले तीन आठवडे मी नेमकं काय करून ठेवलंय हे समजून घेण्यातच गेले, कारण मी कुठेही काहीही लिहून ठेवलं नव्हतं. ते आठवलं की अजूनही कान गरम होतात.

त्यामुळे शुक्रवारी रात्री घरी विषय काढला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण मागच्यासारखं करू नकोस. आता घरात एक चार वर्षांची पोरगी पण आहे."

मागच्यासारखं करायचं नाही, हे कळलं. मग कसं करायचं? मोठ्या कामासाठी माणसाने स्वतःला तयार कसं करायचं? हा प्रश्न घेऊन काल पहाटे भागवत उघडलं. नेहमीच्या क्रमाने नेमका हाच अध्याय समोर आला. योगायोग म्हणा, कृपा म्हणा. मी कृपा म्हणतो.

सगळ्यात मोठा प्रोजेक्ट आणि अडकलेले ब्रह्मदेव

प्रसंग असा आहे. ब्रह्मदेव कमळावर बसले आहेत. त्यांना सृष्टी निर्माण करायची आहे. याहून मोठं काम कोणाच्या वाट्याला येणार? पण कसं करायचं, हे त्यांना सुचत नाही. भागवतात हे स्पष्ट सांगितलंय, की आपल्या आसनावर बसून त्यांनी खूप विचार केला, पण ज्या दृष्टीने हे जग रचता येईल ती दृष्टी काही त्यांना मिळेना.

मला तर इथेच धीर आला. प्रत्यक्ष विधाता, आणि त्याला सुरुवात सुचत नाहीये!

मग पाण्यातून त्यांना दोन अक्षरं ऐकू येतात. भागवत ती थेट सांगत नाही, थोडं कोडं घालून सांगतं: व्यंजनांमधलं सोळावं अक्षर आणि एकविसावं अक्षर. 'क' पासून मोजून बघा. सोळावं 'त', एकविसावं 'प'. तप. ब्रह्मदेव चारी दिशांना बघतात, बोलणारा कोण आहे ते शोधतात. कोणीच दिसत नाही. तेव्हा ते पुन्हा आपल्या आसनावर बसतात आणि तप करायचं ठरवतात. हजार दिव्य वर्षं ते तप चालतं. त्यानंतर भगवंत त्यांना आपलं धाम दाखवतात, उपदेश करतात, आणि मग कुठे सृष्टीचं काम सुरू होतं.

यात दोन गोष्टी मला नव्याने दिसल्या.

एक, भगवंतांनी ब्रह्मदेवांना आधी सृष्टीचा नकाशा दिला नाही. आधी स्वतःला तापवायला सांगितलं. आपण उलटं करतो. मोठं काम आलं की पहिल्याच दिवशी एक्सेल शीट उघडतो, तारखा टाकतो, टीम ठरवतो. ते सगळं लागतंच, माझं त्याविरुद्ध काही म्हणणं नाही. पण ते काम जो तीन वर्षं ओढणार आहे त्या माणसाची तयारी कुठल्याच शीटमध्ये नसते. माझ्या पहिल्या प्रोजेक्टचा प्लॅन चांगला होता हो, अगदी सगळ्यांनी कौतुक केलं होतं. प्लॅन टिकला, मीच टिकलो नाही.

दोन, 'आपल्या आसनावर परत बसणं'. हा तपशील भागवतात पुन्हा येतो. तिसऱ्या स्कंधाच्या आठव्या अध्यायात हाच प्रसंग दुसऱ्या अंगाने सांगितलाय. तिथे ब्रह्मदेव आपण ज्या कमळावर बसलोय त्याचं मूळ शोधायला देठातून खाली उतरतात. खूप काळ शोधतात. सापडत नाही. मग काय करतात? परत वर येतात आणि आपल्या जागेवर बसतात. त्या बसण्यातूनच पुढे त्यांना दर्शन होतं.

म्हणजे शोध फसला, वेळ गेला, हाती काही लागलं नाही. तरी परत येऊन बसले. मला वाटतं, तयारीचा गाभा इथे आहे. आता हे जरा आपल्या मातीतल्या उदाहरणाने बघूया.

चार श्लोकांपासून सुरुवात

भगवंतांनी ब्रह्मदेवांना जो उपदेश केला, त्याचं सार चार श्लोकांत आहे. त्यालाच चतुःश्लोकी भागवत म्हणतात. आणि गंमत बघा, आपल्या एकनाथ महाराजांनी लेखनाला सुरुवात केली ती नेमकी याच चार श्लोकांपासून! गुरू जनार्दनस्वामींबरोबर तीर्थयात्रेला असताना, त्र्यंबकेश्वरी, गुरूंच्या आज्ञेने त्यांनी या चार श्लोकांवर मराठीत ओवीबद्ध टीका लिहिली. साधारण हजार ओव्या झाल्या.

त्यानंतर त्यांनी भागवताचा अख्खा अकरावा स्कंध घेतला. त्याचे ३१ अध्याय आहेत आणि नाथांच्या ओव्या अठरा हजारांहून जास्त. पैठणला सुरू झालेलं हे काम वाराणसीत १५७३ मध्ये, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला पूर्ण झालं. मध्ये विरोध झाला. भागवतासारखा ग्रंथ मराठीत आणतोय म्हणून वाराणसीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारायला बोलावलं, असं चरित्रकार सांगतात. नाथ तिथे गेले, आणि तिथेच बसून उरलेलं काम पूर्ण केलं.

पुढे अकरा वर्षांनी, १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी झाली १२९० ला. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं लोक ती हाताने उतरवून घेत होते. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. कुठे शब्द बदलला, कुठे कोणीतरी आपली ओवी घुसवली. नाथांनी वेगवेगळ्या पोथ्या जुळवून पाठ शुद्ध केला. आणि शेवटी बजावून ठेवलं, की यात कोणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे काम काय असतं ते लगेच कळेल. दुसऱ्याने लिहिलेलं, जुनं, अनेक हातांतून गेलेलं, आणि त्यातलं मूळ काय आणि भर कुठली हे ओळीओळीने ठरवायचं. त्यात स्वतःची हुशारी दाखवायची संधी शून्य!

आता प्रश्न असा, की नाथांना ही चिकाटी आली कुठून?

एका पैची रात्र

ही कथा तुम्ही लहानपणी ऐकली असेल. जनार्दनस्वामी देवगडचे, म्हणजे आजच्या दौलताबादचे, किल्लेदार. नाथ अगदी कोवळ्या वयात त्यांच्याकडे गेले. गुरूंनी त्यांना लगेच वेदान्त शिकवायला घेतला नाही. सेवा दिली, आणि हिशेबाचं काम दिलं. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्री दिवा लावून वह्या घेऊन बसले. बराच वेळ गेला तरी चूक सापडेना. ते उठले नाहीत. उत्तररात्री कधीतरी ती पै सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. गुरू जागे होऊन बघत होते. त्यांनी विचारलं, आणि म्हणाले, की एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद होतो, तर संसारातली मोठी चूक सापडली तर किती होईल! हीच एकाग्रता आता भगवंताकडे लाव.

आपण या कथेचा शेवट लक्षात ठेवतो. काल मला तिची सुरुवात महत्त्वाची वाटली. त्या रात्री नाथांना कुठे माहीत होतं, की पुढे आपण ज्ञानेश्वरीचे पाठ जुळवणार आहोत? ते फक्त समोरचा हिशेब नीट करत होते. पण वह्या जुळवणारी नजर तयार झाली ती तिथे. एका पैसाठी जो रात्रभर बसू शकतो, तोच पुढे एका शब्दासाठी चार पोथ्या उघडू शकतो.

नाथांच्या आयुष्यातला क्रम बघा. आधी एक पै. मग चार श्लोक. मग ३१ अध्याय. मग ज्ञानेश्वरी. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीची तयारी होत गेली. मी पहिल्या वेळी काय केलं? चार श्लोक न करता थेट एकतीस अध्यायांना हात घातला, आणि वर दीड वर्षात संपवतो म्हणालो!

पण मंडळी, माझ्या मनातली खरी भीती वेगळीच आहे. ती अशी, की सगळी तयारी केली आणि तरीही मध्येच तुटलं तर?

अर्जुनाने विचारलेला आपला प्रश्न

इथे गीतेचा सहावा अध्याय मदतीला येतो. या अध्यायाला आपण ध्यानयोग म्हणतो. मला तो लांब पल्ल्याच्या कुठल्याही कामाची तयारी सांगणारा अध्याय वाटतो.

३३ आणि ३४ व्या श्लोकात अर्जुन स्पष्टच सांगतो: हे जे तुम्ही सांगताय ते स्थिर कसं राहणार? मन चंचल आहे, त्याला आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. भगवान त्याला खोडून काढत नाहीत. हो, अवघड आहेच, असं मान्य करतात. आणि दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. त्याच्या आधी २६ व्या श्लोकात भगवंतांनी सांगितलेलंच आहे, की मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणावं. लक्ष द्या, मन पळणारच नाही असं म्हटलेलं नाही. ते पळणार हे धरलेलंच आहे. काम आहे परत आणायचं.

वैराग्य म्हणजे ऑफिस सोडून हिमालयात जाणं नाही. मोठं काम घ्यायचं तर दहा छोट्या गोष्टींना हात जोडायला लागतात, तेवढं वैराग्य आपल्यालाही जमतं.

मग ३७ व्या श्लोकापासून अर्जुन माझा प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, सुरुवातही केली, पण प्रयत्न कमी पडला, मन ढळलं, काम पूर्ण झालं नाही, तर त्या माणसाचं काय? तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, फुटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना?

शुक्रवारपासून मी हाच ढग होऊन घरात फिरत होतो.

भगवंतांचं उत्तर मला फार प्रेमळ वाटतं. या ठिकाणी ते अर्जुनाला 'तात' म्हणतात, म्हणजे अगदी 'बाळा' म्हणावं तसं. सांगतात, की चांगलं काम करणाऱ्याचा नाश होत नाही. त्याला पुन्हा जन्म मिळतो, चांगल्या घरात मिळतो, आणि तिथे आधीची समजूत त्याच्याकडे परत येते. तिथून तो पुढे प्रयत्न करतो. पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही. केलेला अभ्यास जमा राहतो.

आता हा उपदेश योगाबद्दल आहे, ऑफिसच्या बिलिंग सिस्टीमबद्दल नाही, हे मला माहीत आहे. त्याला खाली ओढायचा हेतू नाही. पण जो नियम भगवंतांनी जन्मोजन्मीच्या साधनेला लावला, तो तीन वर्षांच्या कामात मधल्या तुटलेल्या महिन्याला लागू होणार नाही का?

बाबांची पेन्सिल

काल दुपारी बाबांना फोन केला. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांच्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीत समासात पेन्सिलने बारीक तारखा आहेत. रोज दहा ओव्या अर्थासकट वाचायच्या आणि जिथे थांबलो तिथे तारीख टाकायची, अशी त्यांची पद्धत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण नऊ हजार. रोज दहा म्हणजे नऊशे दिवस, हिशेबाने अडीच वर्षं. बाबांनी मार्च २००९ मध्ये सुरुवात केली आणि संपवली नोव्हेंबर २०१२ मध्ये. पावणेचार वर्षं!

मध्ये काय झालं ते पोथीतच दिसतं. तेराव्या अध्यायात एके ठिकाणी १४ ऑगस्ट २०१० अशी तारीख आहे. त्याच्या पुढच्या दहा ओव्यांनंतरची तारीख आहे १९ जुलै २०११. अकरा महिन्यांची फट. त्या काळात आजी अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं बाबाच करत होते. समासात त्याबद्दल एक शब्द नाही. माफी नाही, खुलासा नाही. फक्त पुढची तारीख.

मी विचारलं, "बाबा, एवढा खंड पडल्यावर तुम्हाला पहिल्यापासून सुरू करावंसं नाही वाटलं?"

बाबा हसले. "का रे? आधी वाचलेल्या ओव्या काय पळून गेल्या होत्या?"

मग थोडं थांबून म्हणाले, "पण एक होतं. त्या अकरा महिन्यांत पोथी कपाटात नाही ठेवली. देवघराजवळच ठेवली होती, खूण घालून. रोज दिसायची. परत बसायला सोपं गेलं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत बसून होतो. मी सहा वर्षं ज्याला माझं अपयश म्हणत होतो, त्यात खरी चूक मी थांबलो ही नव्हतीच. शरीर थकलं होतं, थांबायलाच हवं होतं. चूक ही होती, की परत येण्याची जागाच मी ठेवली नव्हती. तारीख टाकली नव्हती, खूण घातली नव्हती, नित्यनेम मोडला होता, आणि दीड वर्षाचं वचन देऊन बसल्यामुळे परत यायला तोंडही उरलं नव्हतं.

म्हणून आजच्या चिंतनाचं सार मी एका वाक्यात असं लिहून ठेवलंय: मोठ्या कामाची तयारी म्हणजे, कितीही वेळा तुटलं तरी आपल्या आसनावर परत येता येईल अशी स्वतःची व्यवस्था लावणं.

मी काय तयारी करणार आहे

नुसतं चिंतन करून भागत नाही, म्हणून वहीत लिहिलेलं जसंच्या तसं इथे देतोय. तुमचं काम वेगळं असेल. कोणी यूपीएससीला बसणार असेल, कोणी पीएचडी सुरू करणार असेल, कोणाला आजारी आई-वडिलांना पुढची काही वर्षं सांभाळायचं असेल. तुमच्या मापाने बदलून घ्या.

१. आधी शरीर. सहाव्या अध्यायात १६ आणि १७ व्या श्लोकात भगवंत जेवण आणि झोप यांचं माप सांगतात. फार खाणाऱ्याला योग जमत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. मन आवरण्याची अवघड गोष्ट येते ती याच्या नंतर. म्हणून माझा नियम: रात्री साडेदहाला झोप, आणि जेवण डेस्कवर नाही. तीन वर्षांत रिलीजच्या काही रात्री जागाव्या लागतील हे मान्य. पण त्या अपवाद असतील.

२. आसनाचं माप. ११ व्या श्लोकात बसायची जागा फार उंच नको आणि फार खोलगटही नको असं म्हटलंय. मी याचा माझ्यापुरता एक अर्थ घेतो. आपलं वचनही फार उंच नसावं आणि अगदी पडेलही नसावं. सोमवारी मी "दोन वर्षांत करून दाखवतो" म्हणणार नाही.

३. चार श्लोक आधी. पहिले चार महिने अख्ख्या सिस्टीमला हात लावायचा नाही. एक छोटा रिपोर्ट तेवढा घ्यायचा, जो आठवड्यातून एकदाच चालतो. तो जुन्या सिस्टीममधून काढून नव्यात पूर्ण चालवून दाखवायचा. त्यात जे शिकू ते पुढच्या एकतीस अध्यायांना उपयोगी पडेल.

४. एक पै सोडायची नाही. जुन्या आणि नव्या सिस्टीमच्या आकड्यांत पैशाचाही फरक आला, तरी 'राउंडिंग असेल' म्हणून पुढे जायचं नाही. मागच्या वेळी मी असे कितीतरी फरक 'नंतर बघू' या यादीत टाकले होते. ती यादी वाढत गेली तसतशी झोप कमी होत गेली, हे आता कळतंय.

५. तीन गोष्टींना नमस्कार. शनिवारचं फ्रीलान्स काम बंद. दोन ग्रुप ज्यांत मी नुसताच वाद घालतो, तेही बंद. आणि क्रिकेटच्या प्रत्येक मॅचचा प्रत्येक चेंडू बघायलाच हवा हा हट्ट बंद. हे माझं एवढुसं वैराग्य!

६. रोजची खूण. दिवस संपताना पाच ओळी लिहायच्या: आज काय केलं, कुठे थांबलो, उद्या कुठून सुरू करायचं. खंड पडला तर खुलासा न लिहिता फक्त पुढची तारीख टाकायची. आणि सकाळचा हरिपाठ कुठल्याही डेडलाइनसाठी सोडायचा नाही. माझं आसन ते आहे. बाकी सगळं हललं तरी तिथे परत येता आलं पाहिजे.

७. गावबाची सोय. हा शेवटचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो.

अपुरं राहिलेलं रामायण

नाथमहाराजांनी शेवटी भावार्थ रामायण हाती घेतलं. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि नाथांनी देह ठेवला. साल १५९९. ग्रंथ अपुरा राहिला. पुढचा भाग पूर्ण केला त्यांच्या शिष्याने, गावबाने. हा गावबा म्हणजे लोकांनी मंदबुद्धी ठरवलेला मुलगा. पुरणपोळी मिळते म्हणून नाथांच्या घरी राहिला, अशी त्याची कथा सांगतात. नाथांनी त्याला हाकललं नाही, जवळ ठेवलं, वाढवलं. आणि मोठमोठे विद्वान भोवती असताना रामायण पूर्ण केलं या गावबाने.

विचार करा, नाथांनी ग्रंथ सुरू करताना तो आपल्याच हातून पूर्ण होईल अशी अट घातली असती तर? कदाचित सुरूच झाला नसता. मोठं काम घेणाऱ्याने ही पण तयारी ठेवायला हवी, की शेवटची ओवी दुसऱ्या कोणाची असू शकते. मग रोजच्या रोज ते असं लिहून ठेवायला हवं की दुसऱ्याला पुढे नेता येईल, आणि शेजारच्या ज्युनिअरला नुसती फुटकळ कामं न देता मूळ गोष्ट शिकवायला हवी. माझ्यानंतर त्या मुलाचे तीन आठवडे वाया गेले, कारण त्या कामाला मी 'माझं' म्हणून घट्ट धरून बसलो होतो.

इथे पुन्हा आजच्या अध्यायातल्या ब्रह्मदेवांकडे येऊ. एवढं तप झाल्यावर, भगवंत समोर उभे असताना, ब्रह्मदेव काय मागतात माहीत आहे? सृष्टी पटकन होऊ दे असं मागत नाहीत. त्यांच्या मागण्याचा आशय असा आहे, की तुम्ही शिकवलेलं काम मी आळस न करता करावं, ते करताना त्यात बांधला जाऊ नये, आणि मी निर्माता आहे असा मद मला चढू नये.

आळस नको, बंधन नको, मद नको. मागच्या वेळी आळस नव्हता माझ्यात. बाकीची दोन्ही भरपूर होती.

तर उद्या मी हो म्हणणार आहे. घरी सांगून झालंय. बायकोने वहीतले सातही मुद्दे वाचले आणि पहिल्या मुद्द्याखाली पेनाने रेघ ओढून म्हणाली, "हे मोडलं की मी मॅनेजरला फोन करणार." करेल ती!

भीती गेलीय का? नाही. पण आता ती फुटलेल्या ढगाची भीती नाही. मध्ये तुटलं तर परत कुठे यायचं हे आज माहीत आहे.

आज स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

– मी अर्ध्यात सोडलेलं असं कुठलं चांगलं काम आहे, जे 'पहिल्यापासून करायला लागेल' या भीतीने पुन्हा उघडलंच नाही?
– माझ्या मोठ्या कामाचे 'चार श्लोक' कुठले?
– रोज परत येता येईल असं माझं आसन कुठलं? आणि त्याच्याजवळ आज खूण घातलेली आहे का?

प्रार्थना

पांडुरंगा, काम मोठं आहे आणि मी लहान आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो. रोजचा हिशेब नीट ठेवायची बुद्धी दे. मन पळालं तर ओरडू नकोस, हाताला धरून परत जागेवर आणून बसव. झालेलं काम तुझं, राहिलेलं काम तू ज्याच्याकडून करून घेशील त्याचं. मला फक्त उद्याची तारीख टाकायला जागेवर ठेव.

राम कृष्ण हरी!